मोठ्या कानांच्या माणसांचं गाव: व्हेझले

पॅरिसमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाकडे भारतातून पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. आयफेल टॉवर, लूव्ह्र, व्हर्साय, मुलं असतील तर डिस्नेलँड, आणि वेळ उरलाच तर स्वित्झर्लंडला जाऊन बर्फात फोटो. माझी आत्या या यादीत बसणारी बाई नाही. वर्ध्याच्या शाळेत तिनं आयुष्यभर इतिहास शिकवला. निघण्याआधीच फोनवर सांगून टाकलं, "मला रोमाँ रोलाँचं घर दाखव. बाकी तुला वाटेल ते."

रोलाँ हे फ्रेंच लेखक. ते पुष्कळ ठिकाणी राहिले, पण त्यांचं शेवटचं घर बर्गंडीतल्या व्हेझले नावाच्या टेकडीवरच्या गावात आहे. मी तिथे पूर्वी गेले होते ते चर्च बघायला. आत्याला ते घर हवं होतं, मला आत्याला त्या चर्चचा दरवाजा दाखवायचा होता. सप्टेंबरातला एक शनिवार धरून निघालो.

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनावरून गाडी मिळते. लूव्ह्रच्या आजूबाजूची गर्दी बघितलेल्यांना बेर्सी म्हणजे एखाद्या विसरलेल्या टर्मिनससारखं वाटेल, पण ग्रामीण फ्रान्सला जायला तेच बरं. ओसेर सोडल्यावर गाडी योन आणि मग क्युर नदीच्या खोऱ्यात शिरते आणि तिचा वेग उतरतो. वाटेत रुळांना फाटा फुटतो: एक बाजू क्लामसीकडे जाते, जिथे १८६६ मध्ये रोलाँचा जन्म झाला, आणि दुसरी आव्हालाँकडे. आपण आव्हालाँच्या बाजूला सेर्मिझेलला उतरायचं. तिथून व्हेझले दहाएक किलोमीटर. टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती. ते करायलाच हवं, कारण सेर्मिझेलच्या स्टेशनाबाहेर उभं राहून हात दाखवायला रस्त्यावर कोणी नसतं.

शेवटच्या वळणानंतर टेकडी दिसते. उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. सह्याद्री बघितलेल्या माणसानं तिला टेकडी म्हणणंसुद्धा उदारपणाचं. पण चहूबाजूंना शेतं आणि द्राक्षमळे सपाट पसरलेले, त्यातून ही एकटी वर आलेली, आणि माथ्यावर एवढं अवाढव्य चर्च की गाव त्याच्या पायाशी चिकटल्यासारखं दिसतं. आत्यानं गाडीतूनच विचारलं, "लोकवस्ती किती?" पाचशेच्या आतच, म्हटलं. "मग एवढं मोठं देऊळ कुणासाठी?"

हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर हाडांत आहे.

नवव्या शतकात इथला मठ खाली नदीकाठी, आजच्या सें-पेर गावापाशी, जोगिणींचा म्हणून सुरू झाला. नॉर्मन लुटारूंनी तो मोडला, म्हणून मग टेकडीवर आणला. अकराव्या शतकात इथल्या साधूंनी जाहीर केलं की मारी माग्दालेन, म्हणजे येशूच्या शिष्यांतली मेरी मॅग्डलीन, हिचे अवशेष आपल्याकडे आहेत. ते दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हांसहून आणले, असं पुढे सांगितलं गेलं. लोकांचे लोंढे सुरू झाले. स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राला पायी जाणाऱ्या चार मोठ्या वाटांपैकी एक व्हेझलेहून निघू लागली. यात्रेकरू म्हणजे दक्षिणा, बाजार, सराया आणि कर. करांचा भार इतका झाला की ११०६ मध्ये चिडलेल्या लोकांनी मठाधिपती आर्तो याला ठार मारलं. ११२० मध्ये यात्रेच्या आदल्या रात्री चर्चला आग लागली, हजारावर माणसं गेली असं जुनी बखर सांगते. त्यानंतर आज दिसतं ते मधलं दालन उभं राहिलं.

मग १२७९ मध्ये प्रोव्हांसमध्ये सें-माक्सिमँ इथे मारी माग्दालेनचे अवशेष 'सापडले'. खरे आमचेच, असं तिकडचं म्हणणं, आणि पुढे पोपनंही त्यांनाच मान्यता दिली. व्हेझलेचे लोंढे आटले. पुढची पाचशे वर्षं हे गाव हळूहळू झिजत गेलं. चर्च मोठं राहिलं कारण पाडून लहान करायलाही पैसा लागतो.

गावात मुख्य रस्ता एकच. खालच्या बाजाराच्या चौकातून निघतो आणि सरळ वर चर्चपर्यंत चढत जातो. दगडी घरं, लाकडी झडपा, भिंतींवर चढलेले गुलाब. फोटोत हे सगळं आधी पाहिलेलं असतंच. रस्त्यात पितळी शिंपले बसवलेत, सांतियागोच्या वाटेची खूण म्हणून. मला जास्त आवडतात ती घरांखालची तळघरं. काही ठिकाणी दार उघडं असलं तर पायऱ्या उतरून बघता येतं: दगडी कमानींची खोल दालनं, गर्दीच्या दिवसांत यात्रेकरू तिथे झोपायचे. वरचं घर दोनतीनदा बदललं असेल, खालचं बाराव्या शतकातलंच आहे.

आत्याचे गुडघे कुरकुरत होते, त्यामुळे आम्ही दर पन्नास पावलांवर थांबत होतो. अशाच एका थांब्यावर पाठीला शिंपला बांधलेली एक जर्मन बाई भेटली. नोकरीतून निवृत्त होऊन चालायला निघालेली. इथून सांतियागो दीड हजार किलोमीटरहून जास्त. मी आपलं मराठी सवयीनं आत्याला म्हटलं, "वारीच की ही." आत्यानं लगेच मोडून काढलं. "वारीत माणूस दिंडीत चालतो, त्याचा नंबर असतो, विणेकरी असतो, मुक्काम ठरलेला असतो. ही एकटी चाललीये, पाठीवर घर घेऊन. वारी नाही ही. परिक्रमा म्हण फार तर, नर्मदेची." त्या बाईला हे सगळं इंग्रजीत समजावून सांगितलं. तिनं नर्मदेचं नाव वहीत लिहून घेतलं.

चर्चच्या दर्शनी भागाकडे फार वेळ बघू नका. तो बराचसा एकोणिसाव्या शतकातला आहे. बाहेरच्या दरवाज्यावरचं जुनं शिल्प फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात फोडलं गेलं, आताचं नंतर घडवलेलं. खरी गोष्ट दाराच्या आत आहे. मुख्य दालनात जाण्याआधी एक मोठा, बंदिस्त, अंधारा प्रवेशमंडप लागतो, आणि त्याच्या पलीकडच्या दारावर अर्धगोलाकार शिल्पपट आहे. ११३० च्या आसपासचा. आत असल्यामुळे ऊन, पाऊस आणि क्रांती या तिन्हींतून वाचला.

मध्ये ख्रिस्त बसलेला आहे, माणसांच्या दुप्पट-तिप्पट मोठा. गुडघे एका बाजूला वळलेले, वस्त्राच्या चुण्या वाऱ्यात सापडल्यासारख्या गरगर फिरतात. त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांतून किरण निघून शिष्यांच्या डोक्यांवर जातात. जगभर जा आणि सांगा, असा हा प्रसंग. वरच्या बाहेरच्या कमानीत बारा राशी आणि बारा महिन्यांची शेतकामं. आत्यानं विंचू, मासे, जुळे ओळखून मला एकेक दाखवले. राशी आपल्याकडेही ग्रीकांकडूनच आल्या, ही माहिती तिनं शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी कुटुंबालाही ऐकवली.

पण मी तिला आणलं होतं ते खालच्या पट्टीसाठी. 'जगभर' म्हणजे कुठवर, हे शिल्पकारानं तिथे कोरलंय. ख्रिस्ताच्या पायांखालच्या दगडी पट्टीवर आणि भोवतीच्या चौकटींत पृथ्वीवरचे सगळे लोक चालत येतात. धनुष्य घेतलेले, बैल बळी द्यायला आणणारे. आणि मग उजव्या टोकाला घोड्यावर बसता यावं म्हणून शिडी लावणारा एक बुटका. त्याच्या पुढे अगदी कडेला एक कुटुंब, ज्यांचे कान खांद्यांपर्यंत, सुपाएवढे. वरच्या एका चौकटीत कुत्र्याच्या तोंडाची माणसं एकमेकांशी काहीतरी बोलताहेत.

हे लोक कुठले? हेच मला आत्याला सांगायचं होतं. हे आपण आहोत. म्हणजे ग्रीकांनी आपल्या शेजारी बसवलेले आपले गाववाले आहेत.

इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या दरबारात होता. भारतात तो कधीच आला नाही. दरबारात ऐकलेल्या गोष्टींवरून त्यानं भारताचं वर्णन लिहिलं. त्यात भारताच्या डोंगरांत राहणारी कुत्रमुखी माणसं आहेत. ती भुंकतात, पण हिंदी लोकांची भाषा त्यांना कळते, आणि वागायला न्यायी आहेत. दोन हात उंचीचे बुटके आहेत. हातापर्यंत पोचणारे कान असलेले लोकही आहेत. शंभरेक वर्षांनी मेगॅस्थेनिस चंद्रगुप्ताच्या पाटलीपुत्रात प्रत्यक्ष येऊन राहिला. राज्यकारभाराबद्दल त्यानं बरंच बरोबर लिहिलं, पण कानात गुंडाळून झोपणारी माणसं त्याच्याही पुस्तकात आहेत. तिथून रोमन लेखक प्लिनी, तिथून स्पेनमधला बिशप, सेव्हिलचा इसिडोर, आणि तिथून मठांच्या ग्रंथालयांतून ही मंडळी बर्गंडीच्या या टेकडीवर पोचली. दीड हजार वर्षं चालत.

आत्या थोडा वेळ मान वर करून बघत राहिली. मग म्हणाली, "कर्णप्रावरण."

मला हे माहीत नव्हतं. तिनं तिथेच उभ्या उभ्या शिकवणी घेतली. सभापर्वात सहदेव दक्षिण दिग्विजयाला जातो तेव्हा समुद्रकाठच्या ज्या लोकांना जिंकतो त्यांत निषाद आहेत, पुरुषाद आहेत, आणि कर्णप्रावरण आहेत: कान पांघरणारे. रामायणात सुग्रीव वानरांना सीतेच्या शोधाला पूर्वेकडे पाठवतो, तेव्हा सांगितलेल्या लोकांतही ते येतात. म्हणजे मेगॅस्थेनिसनं थाप मारली नाही. पाटलीपुत्रात त्याला कुणीतरी आपलीच गोष्ट सांगितली, आणि त्यानं ती इमानानं लिहून घेतली.

"पण बघ," आत्या म्हणाली, "आपण त्यांना कुठे बसवलं? समुद्राच्या काठी, दक्षिणेच्या टोकाला. ग्रीकांनी बसवलं भारतात. ह्या लोकांनी बसवलं दाराच्या कडेला." मोठ्या कानांची माणसं कुणाच्याच गावात राहत नाहीत, ती नेहमी पलीकडच्या गावात. शिल्पकाराच्या बाजूनं एवढं मात्र म्हणायला हवं की त्यानं त्यांना बाहेर ठेवलं नाही. ती रांगेत आहेत, बापाच्या शेजारी पोर आहे, आणि ज्याच्याकडे बाकीचे चाललेत त्याच्याकडेच तीही चाललीत. अभ्यासक याचा अर्थ असाही लावतात की धर्म सांगायला ज्यांच्यापर्यंत जायचं ते हे लोक.

त्यातही गोम आहेच. हा दरवाजा घडून वीस वर्षं होत नाहीत तोच, ३१ मार्च ११४६ ला, ईस्टरच्या दिवशी, बर्नार नावाच्या मठाधिपतीनं याच टेकडीच्या उतारावर दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रुसेडची) हाक दिली. फ्रान्सचा राजा सातवा लुई समोर बसलेला. गर्दी चर्चमध्ये मावेना म्हणून सभा बाहेर उघड्यावर. कापडाचे क्रूस शिवून छातीवर लावायचे होते, ते संपले तेव्हा बर्नारनं स्वतःचा झगा फाडून दिला म्हणतात. ते युद्ध सपशेल फसलं. तरी ११९० च्या जुलैत इंग्लंडचा रिचर्ड आणि फ्रान्सचा फिलिप यांनी तिसऱ्या धर्मयुद्धासाठी एकत्र निघायला हीच टेकडी निवडली. सभेच्या जागेपाशी उत्तरेच्या उतारावर आज क्रूस आहे आणि जवळच ला कोर्देल नावाचं छोटंसं, साधं प्रार्थनाघर. वाट झाडीतून खाली जाते, वीस मिनिटं पुरतात. आत्या गुडघ्यांमुळे गेली नाही. मी गेले. बघायला फार काही नाही, पण तिथे फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातले, साधू तेराव्या शतकातच येऊन राहिले, अगदी पहिल्यांपैकी, आणि ज्या जागेवरून युद्धाची हाक गेली तिथे ते येऊन बसले हे मला आवडतं.

परत चर्चकडे. अंधाऱ्या मंडपातून मुख्य दालनात पाऊल टाकलं की डोळे दिपतात. सुमारे ६२ मीटर लांब दालन, अठरा मीटर उंच, आणि वरच्या कमानींमध्ये फिकट आणि गडद दगड आलटून पालटून. दूरवर गाभारा गॉथिक, जवळजवळ पांढरा. बाराव्या शतकातल्या या बांधकाम्यांनी उजेडाचा हिशेब केला होता. २१ जूनच्या सुमारास, सूर्य डोक्यावर असताना, दक्षिणेच्या वरच्या खिडक्यांतून पडणारे उजेडाचे कवडसे बरोबर दालनाच्या मध्यरेषेवर एका ओळीत पडतात, दारापासून गाभाऱ्याकडे जाणारी वाट आखल्यासारखे. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी तेच कवडसे उत्तरेकडच्या खांबांच्या माथ्यांवर चढतात. इथल्या एका फ्रान्सिस्कन साधूनं हे १९७६ मध्ये टिपून लोकांसमोर आणलं. आम्हाला सप्टेंबरात यातलं काही दिसायचं नव्हतं, आणि त्यानं काही बिघडलंही नाही.

खांबांच्या माथ्यांवर शंभरएक शिल्पं आहेत. सगळी बघायला निघालात तर मान धरेल. त्यातलं प्रसिद्ध आहे ते 'गूढ जातं': एक माणूस वरून धान्य ओततो, दुसरा खाली पोत्यात पीठ धरतो. ओतणारा मोझेस आणि पीठ घेणारा संत पॉल, बायबलमधल्या जुन्या कराराचं धान्य दळून नव्याचं पीठ, असा अर्थ सांगतात. शिल्प छान आहे, पण अर्थ जरा जास्तच नीटनेटका. मला त्याहून भावतं ते संत यूजेनीचं. ही बाई पुरुषाच्या वेशात मठात राहिली, मठाधिपतीसुद्धा झाली. तिथे दुसऱ्या एका बाईनं या 'साधू'वर बळजबरीचा आळ घेतला. खटला उभा राहिला तो न्यायाधीशापुढे, आणि न्यायाधीश तिचा सख्खा बाप. तेव्हा तिनं अंगावरचा झगा दोन्ही हातांनी फाडून दाखवला. शिल्पात तो क्षण आहे. मधोमध यूजेनी, झगा उघडलेला, एका बाजूला आळ घेणारी, दुसऱ्या बाजूला बाप. तिघांचे चेहरे बघण्यासारखे आहेत.

हे सगळं आज उभं आहे ते दोन माणसांमुळे. लेखक प्रोस्पेर मेरिमे सरकारी स्मारक-निरीक्षक म्हणून १८३४ मध्ये इथे आला. आत बसून चित्र काढत असताना आजूबाजूला सारखे बारीक दगड पडत होते, असं त्यानं नोंदवून ठेवलंय. त्याच्या धडपडीनं १८४० मध्ये दुरुस्तीचं काम व्हियोले-ल-द्युकला मिळालं. तेव्हा त्याचं वय २६, आणि एवढं मोठं काम हे पहिलंच. पॅरिसच्या नोत्र-दामवरचं त्याचं काम पुढचं. त्यानं इथे एकोणीस वर्षं घालवली. त्यानं जास्तीचं पुष्कळ केलं अशी टीका फ्रेंच लोक अजून करतात. कमान डोक्यावर पडण्यापेक्षा बरं, हे माझं मत.

जेवणाबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. फ्रेंच खेड्यात बारा ते दोन हीच जेवणाची वेळ, दोन वाजून पाच मिनिटांनी कुणी विचारत नाही. आत्या अंडंही खात नाही. त्यामुळे बर्गंडीचे चीज घातलेले फुगीर गोळे, ज्यांना गुजेर म्हणतात, ते तिला बाद. एका ठिकाणी 'शाकाहारी' म्हणून आलेल्या सलाडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघाले, चवीपुरते घातले होते म्हणे. ते बदलून आणलं. शेवटी गरम केलेलं बकरीच्या दुधाचं चीज, पाव आणि आत्यानं पॅरिसहून आणलेल्या दशम्या, असं जेवण झालं. मी व्हेझलेचीच पांढरी वाइन घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुळांवरच्या किडीनं इथले मळे गेले होते, १९७० च्या दशकात लोकांनी पुन्हा लावले, आणि २०१७ पासून 'व्हेझले' हे नाव बाटलीवर स्वतंत्रपणे लावायची मान्यता आहे. आत्यानं वास घेऊन ग्लास परत सरकवला.

दुपारी रोलाँचं घर. मुख्य रस्त्यावरच आहे, ओळीतल्या इतर घरांसारखंच, पाटी वाचली नाही तर पुढे निघून जाल. आत आता झेर्व्होस संग्रहालय आहे. क्रिस्तियाँ झेर्व्होस हा पॅरिसमधला कलाविषयक प्रकाशक, पिकासोच्या सगळ्या कामाची सूची करण्यात त्यानं आयुष्य घातलं. त्याचं घर व्हेझलेजवळच होतं, आणि आपला संग्रह त्यानं या गावाला देऊन टाकला. त्यामुळे पाचशे वस्तीच्या गावात पिकासो, मिरो, लेजे, कँडिन्स्की, काल्डर भिंतीवर आहेत. लूव्ह्रच्या गर्दीतून आलेल्या माणसाला इथे चित्रासमोर एकटं उभं राहता येतं, हीच मोठी चैन. हिवाळ्यात बंद असतं, बघून जा.

आत्यानं पिकासोला पाच मिनिटं दिली. तिला खिडकी हवी होती. रोलाँ १९३८ मध्ये स्वित्झर्लंड सोडून इथे राहायला आले, जन्मगावापासून पंचवीसेक किलोमीटरवर, बहुधा शांतपणे म्हातारपण काढायला. दुसऱ्याच वर्षी युद्ध सुरू झालं, १९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्य गावात आलं. पहिल्या महायुद्धात 'दोन्ही बाजू वेड्या झाल्यात' असं म्हणण्याची हिंमत दाखवणारा हा नोबेल मिळालेला माणूस, आता आजारी, या टेकडीवर बसून रोजनिशी लिहीत होता. पॅरिस मुक्त झालेलं त्यानं ऐकलं. ३० डिसेंबर १९४४ ला याच घरात गेला.

आणि हा माणूस भारतात कधीच आला नाही. क्टेसियससारखाच! पण यानं गांधीजींचं चरित्र १९२४ मध्येच लिहिलं, जेव्हा युरोपात बहुतेकांना ते नावही माहीत नव्हतं. पुढे रामकृष्ण आणि विवेकानंदांवरही लिहिलं. बीथोव्हनवेडी मॅडलिन स्लेड नावाची इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी बीथोव्हनसाठी रोलाँकडे गेली, आणि त्यांनी तिला गांधींबद्दल सांगितलं. १९२५ च्या नोव्हेंबरात ती साबरमतीला पोचली आणि मीराबेन झाली. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषद आटोपून गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये रोलाँकडे मुक्कामाला गेले तेव्हा ती बरोबर होती. रोलाँनी त्यांना पियानोवर बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतला संथ भाग वाजवून दाखवला.

"वर्ध्याला येणाऱ्या प्रत्येकाला मी बापू कुटी दाखवते," आत्या म्हणाली, "आणि प्रत्येकाला सांगते की ती मुळात मीराबेनसाठी बांधलेली होती. बापू नंतर राहायला आले. ती शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, बापूंच्याही आधी जाऊन राहिली होती. मग मी सांगते की तिला तिकडे पाठवणारा एक फ्रेंच लेखक होता. आता पुढचं वाक्य मला सांगता येईल, त्याचं घर कसं आहे ते." मग तिनं खोलीची लांबी पावलांनी मोजली. तिथल्या कर्मचारी बाईनं संशयानं बघितलं, तेव्हा मी आत्याच्या शाळेबद्दल सांगितलं. तिला सेवाग्राम माहीत नव्हतं, पण मीराबेनचं नाव ऐकलेलं होतं. माझ्या दुभाषेगिरीच्या आधारानं दोघी बराच वेळ बोलल्या.

परतीच्या टॅक्सीआधी चर्चमागच्या गच्चीवर बसलो. इथून क्युर नदीचं खोरं, सें-पेरच्या चर्चचा उंच टोकदार मनोरा आणि पलीकडे मोर्व्हाँचे काळपट डोंगर दिसतात. गावाच्या दफनभूमीत जॉर्ज बाताय पुरलाय, ज्याचं लेखन आत्याला वाचायला देण्याची माझी छाती नाही. त्यामुळे तिकडे नेलं नाही. १९९१ मध्ये रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविचनं बाखच्या चेलोसाठीच्या सहाही रचना या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केल्या. जाण्याआधी ऐकून जाल तर त्या दालनाचा घुमारा ओळखीचा वाटेल.

जाणार असाल तर: कवडशांसाठी २१ जूनच्या आसपासच जा, आणि घड्याळातले बारा धरू नका. उन्हाळी वेळेत इथे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी पावणेदोनच्या सुमारास, म्हणजे नेमका जेवणाच्या वेळेत, तेव्हा आधीच खाऊन घ्या. चर्चला तिकीट नाही. शिल्पं बघायला छोटी दुर्बीण न्या, आम्ही आत्याची पक्षी बघायची वापरली. एका दिवसात पॅरिसहून जाऊन येणं जमतं, पण सेर्मिझेलहून संध्याकाळच्या गाड्या मोजक्या आहेत. टॅक्सीवाल्याला परतीची वेळ सकाळीच सांगून ठेवा, आणि ती सांगताना अर्धा तास वाढवून सांगा, विशेषतः बरोबर इतिहासाचे शिक्षक असतील तर.